सत्तेचाळीस नंबरचा पाना

मी एक जुना पाना आहे. करंगळीहून थोडा लांब, एका टोकाला वाकडा, आणि पाठीवर कोरलेला नंबर सत्तेचाळीस. मित्रांनो, तुम्ही तलवारींची, तोफांची आणि किल्ल्यांची मनोगते वाचली असतील. पान्याला कोण विचारतो? पण एका सकाळी माझ्यापायी दोन लढाऊ विमाने जमिनीला खिळून राहिली आणि एका बाईची तीस वर्षांची नोकरी मातीत गेली. तेव्हा चार शब्द बोलण्याचा मला हक्क आहे, असे मी समजतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. लालभडक तापलेली सळई, तिच्यावर यंत्राचा एक घाव, मग तेलात बुडी, आणि झालो मी पाना. त्या दिवशी माझ्यासारखी चारशे भावंडे जन्मली. कोण कुठे गेले, कोणी सांगितले नाही. पण रडारला न दिसणारे ते नवे लढाऊ विमान ज्या ज्या देशांकडे आहे, नॉर्वे म्हणा, इटली म्हणा, जपान म्हणा, त्यांच्या पेट्यांत आमच्या घराण्यातले कोणी ना कोणी आहेच. देशांचे एकमेकांशी पटो न पटो, आमचे माप सगळीकडे एकच असते. मी आलो डेन्मार्कला, जटलंडच्या सपाट माळावरच्या एका हवाई तळावर. तळाचे नाव सांगत नाही. तिथल्या लोकांना आपल्या नाकाची फार काळजी आहे.

पहिली कित्येक वर्षे मी जुन्या विमानांवर काम केले. ती विमाने भल्या स्वभावाची होती. तेल गाळायची, कुरकुर करायची, पण कोणी रागाने चाकाला लाथ घातली तरी रुसायची नाहीत. मग एके वर्षी ती दुसऱ्या देशाच्या लढाईत गेली आणि त्यांच्या जागी ही नवी आली. यांचे नखरे काय सांगू! त्यांच्या कातडीवर ओरखडा उठला तर ती रडारला दिसू लागतात म्हणे. म्हणून वर चढायचे तर बुटांवर कापडी मोजे चढवायचे, बोटातली अंगठी काढून ठेवायची, कमरेला पट्टा नको, खिशात किल्ली नको. जावयाचेसुद्धा इतके लाड कोणी करत नाही.

नव्या विमानांबरोबर नव्या हत्यारांच्या पेट्या आल्या. जुनी हत्यारे भंगारात जाणार होती. मी वाचलो तो इंगेलिसेमुळे. इंगेलिसे ही आमच्या हँगरमधली मुख्य मेकॅनिक. वय अठ्ठावन्न, केस पिकलेले, आणि जीभ माझ्याहून वाकडी. तिने मला हातात धरून आमच्या प्रमुखाला, मेजर हॉल्गरला सांगितले, "हा पाना माझ्याबरोबर येणार. नव्या पान्याची मान आखूड आहे, तो डाव्या बाजूच्या झाकणाखाली पोचत नाही. हवं तर स्वतः हात घालून बघ."

हॉल्गरने हात घातला नाही. परवानगी दिली. त्या देशात मेजरलाही नावाने हाक मारतात आणि अरेतुरे करतात. मला त्याचे फार कौतुक वाटायचे. अरेतुरे केले म्हणजे माणसे बरोबरीची होतात, असा माझा तेव्हा समज होता.

पेटीत आम्ही साठ जण होतो. प्रत्येकाला स्पंजात कोरलेली आपापली जागा. वरचा स्पंज काळा, खालचा लाल. हत्यार उचलले की लाल खड्डा उघडा पडतो, म्हणजे लांबूनही कळते की कोणीतरी बाहेर आहे. काम सुरू करताना मोजणी आणि काम संपल्यावर मोजणी. एक मेकॅनिक नंबर वाचणार, दुसरा बोट लावून "आहे" म्हणणार. साठपैकी एक जरी कमी भरला, तर ज्या ज्या विमानाजवळ ती पेटी गेली असेल ते जागचे हलायचे नाही. कारण विमानाच्या पोटात राहिलेला पाना इंजिनात ओढला गेला, की त्या इंजिनाचा चुरा होतो आणि वर बसलेल्या माणसाचे काय होते ते मी सांगायला नको.

आता त्या लोकांची एक रीत सांगतो. चूक झाली की ज्याची त्याने ती सर्वांसमोर सांगायची आणि दुसऱ्या दिवशी केक आणायचा. त्याला ते चुकीचा केक म्हणतात. केक सगळ्यांनी खायचा. खाल्ला की विषय संपला, पुन्हा कोणी तो उकरून काढायचा नाही. तुम्ही चूक पोटात घालणे म्हणता ना, ते लोक ती खरोखरच पोटात घालतात.

इंगेलिसेच्या हाताखाली आस्गर नावाचा मेकॅनिक होता. पस्तिशीचा, कामाला चोख, स्वभावाने भित्रा. त्याने एकदा शिडी चुकीच्या बाजूला लावली, केक आणला. सिग्ने नावाची वैमानिक अंगठी घालूनच विमानात चढली, केक आणला. खुद्द हॉल्गर एकदा मातीचे बूट घालून हँगरभर फिरला. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानातला केक आणून टेबलावर ठेवला. इंगेलिसेने त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "हॉल्गर, विकतचा केक म्हणजे विकतची माफी. घरी भाजून आण."

बिचाऱ्याने आणला. तळ करपला होता. इंगेलिसेने करपलेल्या भागासकट खाल्ला आणि बोटे चाटत म्हणाली, "बूट बरे होते याच्यापेक्षा." सगळे हसले, हॉल्गरही हसला. असे ते दिवस होते.

मित्रांनो, आता त्या दिवसाकडे येतो. फेब्रुवारी महिना होता, बाहेर बर्फ साचले होते. हेच विमान उडवणाऱ्या देशांचा आमच्या तळावर मेळावा होता. नॉर्वेची दोन, हॉलंडची दोन, इटलीची दोन आणि यजमानांची दोन, अशी आठ विमाने एका रांगेत पाहुण्यांच्या डोक्यावरून जाणार होती. हॉल्गर महिनाभर त्याच एका रांगेची स्वप्ने पाहत होता. त्याने जमिनीवर सांडलेल्या तेलाचा ठिपकासुद्धा स्वतः वाकून पुसला होता.

इंगेलिसे मला हातात घेऊन दुसऱ्या विमानाचे झाकण घट्ट करून उतरली, तेवढ्यात हॉल्गर इटलीच्या एका जनरलला घेऊन आला.

"ही इंगेलिसे, आमची सगळ्यांत जुनी मेकॅनिक."

"जुनी नाही, मुरलेली," ती म्हणाली.

जनरल मोठ्याने हसला आणि त्याने हात पुढे केला. आता पेच पडला. तिच्या उजव्या हातात मी, डाव्यात बुटांवरून काढलेले मोजे. त्या देशात समोरून हात आला की तो घ्यायचाच, लोंबकळत ठेवणे म्हणजे अपमान. विमानाच्या कातडीवर हत्यार ठेवणे हा गुन्हा. पेटी दहा पावले दूर. तीस वर्षांत जे केले नाही ते तिने केले. मला जाकिटाच्या खिशात सरकवले आणि जनरलचा हात हातात घेतला.

खिशाची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती. जनरल तिला इंजिनाबद्दल विचारत होता, ती उत्तरे देत होती, आणि मी त्या भोकातून अस्तरात उतरलो, घरंगळत पाठीच्या बाजूला जाकिटाच्या काठाशी जाऊन बसलो. जनरल गेला. हँगरमध्ये उबारा होता, म्हणून तिने जाकीट काढून खुंटीला अडकवले आणि ती कामाला लागली. तिच्या डोक्यातून मी साफ गेलो.

मग शेवटची मोजणी सुरू झाली. आस्गर नंबर वाचत होता.

"सेहेचाळीस?"

"आहे."

"सत्तेचाळीस?"

इंगेलिसेचे बोट रिकाम्या जागेवर टेकले. मी खुंटीवरच्या अंधारात होतो, तरी माझा तो लाल खड्डा मला दिसत होता.

"सत्तेचाळीस नाही," ती मोठ्याने म्हणाली. दबक्या आवाजात नाही, मोठ्याने, हँगरच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या सिग्नेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

शोधाशोध झाली. जमीन पाहिली, शिड्या पाहिल्या, सगळ्यांनी खिसे रिकामे केले. खुंटीवरचे जाकीट आस्गरने तपासले. खिशात हात घातला, बाहेर काढला आणि म्हणाला, "रिकामं." खिसा उलटा करून पाहा असा नियम आहे. त्याने तो घाईत उलटा केला नाही. केला असता तर ही गोष्टच घडली नसती.

हॉल्गर धावत आला. "पस्तीस मिनिटं उरलीत. सही कर."

"सत्तेचाळीस नाहीये."

"ऐकलं मी. पण तो विमानातच आहे असं थोडंच आहे? पडला असेल कुठे कोपऱ्यात."

"असेल की. मग तू लिहून दे, पाना विमानात नाही. खाली तुझी सही. मी आत्ता शिडी काढते."

हॉल्गरने पेन काढले. उघडले. मिटले.

"बाहेर तीन देश उभे आहेत, इंगेलिसे."

"राहू देत उभे. त्यांना खुर्च्या दे. वर गेल्यावर इंजिनाने पाना गिळला तर सिग्नेला कुठली खुर्ची देणार आहेस?"

"नव्या विमानांना जुने पाने आणि जुन्या बायका चालत नाहीत, हेच खरं."

तिने दोन्ही विमानांकडे बोट दाखवले. "अगदी खरं. बघ ना, एकही चालत नाहीये."

आणि तिने दोन्ही विमानांच्या नाकाला लाल पट्टी बांधली. ती पट्टी बांधली की मेजर काय, सेनापतीलाही विमान हलवता येत नाही. सिग्ने हेल्मेट मांडीवर घेऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. मला वाटले, ती मनात आभार मानत असेल.

आकाशातून सहा विमाने गेली. नॉर्वेची, हॉलंडची, इटलीची. यजमानांच्या जागी नुसते आभाळ होते. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने छापले, "आपले विमान रडारला दिसत नाही हे ऐकून होतो. पाहुण्यांनाही दिसले नाही." सगळा देश हसला. हॉल्गरने ते पान घडी करून खिशात ठेवले आणि तो आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही.

माझा शोध चालूच होता. दोन्ही विमानांची झाकणे उघडली, त्या लाडक्या कातडीचे तुकडे सोलून काढावे लागले. इंगेलिसे तीन दिवस विमानाच्या पोटात डोके घालून बसली होती. आणि मी? मी वीस पावलांवर खुंटीला लटकत होतो. ती घरी जाताना आपला कोट घालायची, कामाचे जाकीट तिथेच राहायचे. माझ्या आयुष्यात इतका नालायक मी मला कधी वाटलो नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या बर्फात शोधायला म्हणून तिने जाकीट चढवले. तास दीड तास ती काठीने बर्फ उकरत होती. दमल्यावर ती हँगरच्या मागच्या पायरीवर बसली आणि तिने राईच्या काळ्या पावाचा डबा उघडला. बसताना जाकिटाचा काठ दगडावर आपटला. टक्.

तिने घास खाली ठेवला. काठ बोटांनी चाचपला. तिने मला ओळखले, आंधळ्याने पोराला ओळखावे तसे.

आसपास कोणी नव्हते. समोर उकरलेल्या बर्फाचा ढीग होता. मला त्यात टाकून तिने हाक मारली असती, "बर्फात सापडला रे!" तर कोणाची ना नव्हती. माझ्याही मनात तेच होते. टाक बाई, टाक, असे मी मनातल्या मनात शंभर वेळा म्हणालो. तिने खिशातला चाकू काढला, अस्तर फाडले, मला बाहेर घेतले आणि तडक हॉल्गरच्या खोलीत जाऊन त्याच्या टेबलावर ठेवले.

"सापडला. माझ्या जाकिटाच्या अस्तरात होता. त्या जनरलशी हात मिळवताना मी खिशात टाकला. माझं चुकलं."

हॉल्गरने मला उचलून माझा नंबर वाचला. "म्हणजे विमानात नव्हता."

"नव्हता."

"म्हणजे त्या दिवशी दोन्ही विमानं उडू शकली असती."

"हे आज कळतंय. त्या दिवशी कोणाला माहीत होतं?"

"मला," हॉल्गर म्हणाला. "मी म्हणालो होतो."

दारात आस्गर उभा होता. जाकीट मी तपासले, खिसा मी उलटा केला नाही, एवढे एक वाक्य त्याच्याजवळ होते. ते त्याने गिळले. इंगेलिसेनेही त्याचे नाव घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केक आणला. तळ मऊ, वर खोबरे आणि तपकिरी साखर शिजवून लावलेली, मध्ये कागदाचा छोटासा लाल-पांढरा झेंडा. असा केक तिने तीस वर्षांत कितीदा केला असेल, आणि त्याचा तुकडा उरलेला मी कधी पाहिला नाही. तिने सुरी ठेवली, बशा मांडल्या आणि म्हणाली, "चला रे, घाला पोटात."

कोणी पुढे आले नाही. कोणी कॉफी ढवळत बसले, कोणी बुटाची नाडी पाहू लागले. आस्गर म्हणाला, "मला आज गोड नको." शेवटी सिग्ने उठली. तिने बशी उचलली, सुरी हातात घेतली. मला वाटले, चला, एकीला तरी जिवाची किंमत आहे. तेवढ्यात दारातून हॉल्गर आला. त्याने केक पाहिला आणि म्हणाला, "माझा नाश्ता झालाय." झाले. सिग्नेने बशी होती तिथे ठेवली. "मी नंतर घेईन," ती म्हणाली, आणि तिने इंगेलिसेच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

इंगेलिसेने स्वतः एक तुकडा कापला. उभ्या उभ्या, सगळ्यांच्या देखत, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग डब्याला झाकण लावले आणि कामाला गेली.

मित्रांनो, कोणी तिला शिक्षा केली असती तर मला इतके लागले नसते. शिक्षा सोसून माणूस मोकळा तरी होतो. त्यांनी तिची चूक पोटात घातली नाही, वर ठेवली, रोज दिसेल अशी. आठ दिवसांनी तिची बदली कपड्यांच्या कोठारात झाली. जी बाई विमानाच्या इंजिनाचा आवाज ऐकून दुखणे सांगायची, ती मोज्यांचे जोड मोजू लागली. मे महिन्यात तिने नोकरी सोडली. लोक म्हणाले, "आपणहून गेली." लोकांना हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

पेटी आस्गरकडे आली. मोजणी अजून होते, पण एकटाच करतो तो, ओठातल्या ओठात. आणि गंमत बघा, त्या दिवसापासून आमच्या हँगरमध्ये एकही चुकीचा केक आला नाही. वर्ष झाले. भिंतीवर फळा लागला, "वर्षभरात चुका: शून्य." वरून कोणीतरी शाबासकीचे पत्र धाडले. ते हॉल्गरने चौकटीत बसवून टांगले. हे विमान उडवणाऱ्या इतर देशांचे अधिकारी येऊन ते वाचतात आणि माना डोलावतात. मी पान्याच्या जातीचा, मला फार अक्कल नाही. पण वर्षभर एकही चूक न करणारी माणसे मी कुठे पाहिलेली नाहीत. चूक लपवणारी मात्र रोज पाहतो.

गेल्या गुरुवारी आस्गर विमानाच्या पोटात काम करत होता. एका हातात मी आणि दुसऱ्या हातात एकतीस नंबरचा छोटा आरसा, तो अडचणीतल्या जागा पाहायला लागतो. आस्गरच्या कानांवर आवाज रोखणारी टोपणे होती. आरसा त्याच्या हातमोज्यातून निसटला आणि आतल्या नळीच्या मागे पडला. त्याला ऐकू आले नाही. मला आले.

पेटीशी येऊन त्याने मोजणी सुरू केली. तिसापर्यंत गेला आणि थांबला. लाल खड्डा त्याच्याकडे पाहत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो विमानाकडे वळला, दोन पावले गेला, आणि परत आला. भिंतीवरच्या फळ्याकडे त्याने पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, "तूच सांग इंगेलिसे, तुला काय मिळालं?"

त्याने कागदावर "साठ" लिहिले, सही केली आणि पेटी बंद केली. सिग्ने त्या विमानात बसून आभाळात गेली. आस्गर धावपट्टीकडे तोंड करून उभा होता, त्याचे ओठ हलत होते. पाऊण तासाने ती सुखरूप उतरली. उतरताना हसत होती. काहीच झाले नाही. आस्गरने घाम पुसला, आणि शुक्रवारी तो गुरुवारपेक्षा कमी घाबरला. मला भीती वाटते ती याचीच.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने लोक शेवटी म्हणतात, आमची निगा राखा, आम्हाला तेल द्या, गंजू देऊ नका. माझे तसे काही मागणे नाही. माझी निगा उत्तम आहे, मी रोज पुसला जातो, माझी जागा मऊ आहे. निगा राखायची असेल तर "माझं चुकलं" म्हणणाऱ्या माणसाची राखा. असा माणूस तुमच्या वर्गात असेल, घरात असेल. तो हात वर करील तेव्हा त्याला हसू नका.

आरसा अजून आतच आहे. आज दुपारी दोन वाजता सिग्ने पुन्हा उडणार आहे. आस्गर बोलणार नाही, आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे.